वीसच्या आतल्या शाळा

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रस्ताव मागवले. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून त्यांची ‘समूह शाळा’ करता येईल का, याचे हे प्रस्ताव होते. नमुना म्हणून दोन नावे पुढे केली गेली : पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ. त्या वेळी राज्यात अशा 14,783 शाळा होत्या, त्यांत 1,85,467 मुले शिकत होती आणि 29,707 शिक्षक शिकवत होते. भागाकार केला तर एका शाळेत साडेबारा मुले, दोन शिक्षक, म्हणजे एका शिक्षकामागे जेमतेम सहा मुले. या भागाकारातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही तितक्याच ठामपणे मांडले जातात. वित्त विभागाला यात उधळपट्टी दिसते, शाळा वाचवू पाहणाऱ्यांना गरिबाच्या पोराला मिळालेले दुर्मीळ सुख दिसते. दोघेही एकाच सरासरीकडे पाहत असतात आणि सरासरीला गाव नसते. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचा अहमदनगर जिल्हा, या प्रश्नासाठी उत्तम कसोटी आहे. कारण इथे बारा पटाच्या तीन शाळा तीन तालुक्यांतून निवडल्या तर त्या तीन वेगळ्याच गोष्टी सांगतात. एकीने बंद व्हावे, दुसरीने अजिबात होऊ नये, आणि तिसरीचा पट मुळात बारा आहे की नाही हेच आधी ठरवावे लागेल.

क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसारा आणि जिल्हा परिषदेच्या सुमारे साडेतीन हजार प्राथमिक शाळा. इतक्या शाळा कशासाठी, हा प्रश्न विचारण्याआधी इथली माणसे कशी राहतात ते पाहावे. विहिरी झाल्या, पाट आले, तशी शेतकरी कुटुंबे गावठाण सोडून रानात राहायला गेली. पारनेर, नगर, राहुरी, संगमनेरचे पठार, कुठेही पाहा : गावाच्या नावाभोवती पाच-दहा वस्त्या आणि मळे विखुरलेले असतात. मूळ गावात मारुती, ग्रामपंचायत आणि जुनी शाळा. माणसे मात्र दोन-तीन किलोमीटरांवर. सन 2000 नंतर राज्याने वस्तीशाळा काढल्या त्या याच मुलांसाठी. एखाद्याच्या पडवीत किंवा समाजमंदिरात, तुटपुंज्या मानधनावरच्या निमशिक्षकाने चालवलेल्या या शाळा पुढे नियमित प्राथमिक शाळा झाल्या. त्यांच्या पाट्यांवर आजही वस्त्यांची आडनावे आहेत. पुढे शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि राज्याच्या 2011 च्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. त्याच नियमांत आणखी एक अट आहे, जी शाळा वाचवण्याच्या भाषणांत सहसा येत नाही. परिसरात सहा ते अकरा वयाची निदान वीस मुले उपलब्ध असावीत, अशी ती अट. वीसचा आकडा आला तो इथून. पण तो नवी शाळा काढताना पाहायचा होता. चालू शाळा मोडताना तोच निकष लावावा, असे हा नियम म्हणत नाही.

मुले कमी का झाली, याची दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिले उत्तर जन्मांचे. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतची मुले 1 कोटी 36 लाखांहून अधिक होती. 2011 मध्ये लोकसंख्या दीड कोटीने वाढलेली असूनही ही संख्या 1 कोटी 33 लाखांवर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत राज्याचा एकूण जननदर 1.7 भरला. पिढीची जागा पिढीने भरून काढायला तो 2.1 च्या आसपास लागतो. नगर जिल्ह्यात 2011 साली सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 852 मुली होत्या, हेही विसरू नये. पटावर न दिसणाऱ्या काही मुली जन्मालाच आलेल्या नाहीत. दुसरे उत्तर पिवळ्या बसचे. 2012 साली राज्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला आणि खासगी इंग्रजी शाळांना मान्यता मिळण्याची वाट रुंद झाली. अशा शाळांच्या बसगाड्या आज वस्तीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहतात. म्हणजे एका हाताने शासनाने नव्या शाळांना परवानगी दिली आणि दुसऱ्या हाताने जुन्या शाळांचा पट घसरल्याची नोंद केली. जन्म घटल्याने रिकामी झालेली शाळा पुन्हा भरणार नाही. बसने रिकामी केलेली शाळा मात्र चांगला शिक्षक आला की भरते, हे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिसलेले आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांचे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. तिथे बदलली ती शिकवण्याची रीत.

एकत्रीकरणाच्या बाजूने जे म्हणता येते ते पूर्ण ताकदीनिशी मांडले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. बारा मुले पाच इयत्तांत वाटली की एका इयत्तेत दोन-तीन उरतात. कधी चौथीत एकच मुलगी असते आणि ती वर्षभर कोणाशी वाद न घालता, कोणाकडून न शिकता, एकटी गणिते सोडवते. खो-खोचा संघ होत नाही, स्नेहसंमेलनाचे नाटुकले बसत नाही. सहा मुलांमागे एक शिक्षक ही चैन कागदावरची. प्रत्यक्षात दोनपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला, मतदार यादीच्या कामाला, केंद्राच्या बैठकीला किंवा रजेवर असतो आणि उरलेला एकटा पाचही इयत्ता सांभाळत पोषण आहाराचा हिशेब ऑनलाइन भरत बसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2016–17 ची आकडेवारी देऊन म्हटले आहे की देशातल्या 28 टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले होती आणि 1,08,017 शाळा एकशिक्षकी होत्या. बहुवर्ग अध्यापन ही कला आहे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने त्यासाठी तयार केलेल्या कृतिपत्रिकांवरून पुढे तमिळनाडूने आपल्या शाळांत कृतिआधारित शिक्षण नेले. आपल्याकडे शिक्षकाच्या हाती प्रत्येक इयत्तेचे वेगळे पुस्तक देऊन पाचही एकाच वेळी शिकव म्हणून सांगितले जाते. लहान शाळा लहान आहे म्हणून चांगली, असे मानण्याचे काही कारण नाही.

म्हणूनच कालव्याखालच्या पट्ट्यात, म्हणजे राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी आणि नेवाशाच्या काही भागात, एकत्रीकरणाला विरोध करण्याचे मोठे कारण उरत नाही. भंडारदरा आणि मुळा धरणांच्या आणि गोदावरीच्या कालव्यांच्या पाण्यावर हा भाग सुधारला. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यापाठोपाठ रस्ते, बाजार, शिक्षणसंस्था आल्या. इथे दोन वस्त्यांमधला रस्ता बहुधा डांबरी असतो, सपाट असतो, आणि एका शाळेच्या ओट्यावरून कित्येकदा दुसरीचे झाड दिसते. बारा मुलांची एक शाळा, पंधरा मुलांची दुसरी आणि जवळच साठ मुलांची तिसरी असेल तर तिन्ही मिळून सत्त्याऐंशी होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठपर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90 ला तीन. काटेकोर हिशेबाने इथे शिक्षकांची पदे घटतील आणि शिक्षक संघटनांचा विरोध मुख्यतः याच गणिताला असतो. तो स्वाभाविक आहे, पण त्यामुळे तो मुलांच्या हिताचा ठरत नाही. पदे कमी न करता पाच इयत्तांना पाच शिक्षक दिले, तर मात्र या पट्ट्यातले पालक पिवळ्या बसला पर्याय मिळाला म्हणून विलीनीकरणाचे स्वागतच करतील. शासनाला बचतही हवी आणि गुणवत्तेचे श्रेयही हवे. त्यातले एक निवडावे लागेल.

अकोले तालुक्यात यातले काहीच लागू होत नाही. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई ही गावे सह्याद्रीच्या माथ्यावर, जिल्ह्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या टापूत आहेत. नकाशावरचा एक किलोमीटर इथे कधी एक ओढा आणि एक चढ असतो, आणि जून ते सप्टेंबर तो ओढा सहा वर्षांच्या मुलाला ओलांडता येत नाही. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या पाड्यांत शाळा बंद झाली तर पालकांपुढे उरते ती आश्रमशाळा, म्हणजे पहिलीतल्या मुलाने घर सोडायचे. ही केवळ शंका नाही. कळसूबाईच्या रांगेपलीकडे इगतपुरी तालुक्यात, धरणामुळे विस्थापित झालेल्या दरेवाडीची शाळा बंद करून मुलांना दूरच्या शाळेत जायला सांगितले गेले, तेव्हा जुलै 2022 मध्ये मुले आणि पालक शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर धडकले : दप्तरे तुम्ही ठेवा, आम्हाला वळायला शेळ्या द्या. मागणी अतिशयोक्त वाटेल, पण डोंगरातल्या घरात शाळेला पर्याय नेमका कोणता आहे हे तिने अचूक सांगितले होते.

तिसरी गोष्ट पाथर्डी, शेवगाव, जामखेडची. इथून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. शाळेचा अधिकृत पट मात्र 30 सप्टेंबरचा धरला जातो, म्हणजे टोळ्या निघण्याच्या ऐन तोंडावरचा. त्या तारखेला अठ्ठावीस असलेली शाळा डिसेंबरात बाराची होते. बारा पटाच्या शाळेत कधी पाचच मुले बसलेली असतात. पट आणि उपस्थिती यांतली दरी आपल्याकडे संशयाचा विषय आहे आणि तो संशय निराधार नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये बोटाला शाई लावून राज्यभर पटपडताळणी करावी लागली होती. पण या तालुक्यांत ही दरी लबाडीने पडलेली नाही, हंगामाने पडलेली आहे. तिच्यावरचा उपाय म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे : मूल आजी-आजोबांकडे गावातच राहते, जेवणाची सोय शाळेच्या आधाराने होते. गावातली शाळाच उचलली तर हे वसतिगृह टांगायला खुंटी राहत नाही आणि मूल कोयत्याबरोबर फडावर जाते. ज्या शाळेत हिवाळ्यात सर्वांत कमी मुले दिसतात, तीच मुलांना स्थलांतरापासून रोखणारी असू शकते. आकड्यावरून निर्णय घेणाऱ्याला हे उलटे दिसणार.

आणि आकडा तरी कोणता? डिसेंबर 2017 मध्ये शासनाने दहा किंवा त्याहून कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचे ठरवले. 2023 मध्ये आकडा वीस झाला. सप्टेंबर 2024 मध्ये वीसपर्यंतच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक पंधरा हजार रुपये मानधनावर कंत्राटी नेमायचा निर्णय आला, त्याच महिन्यात मर्यादा दहावर उतरली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो निर्णयच रद्द झाला. इतक्या लवकर बदलणाऱ्या आकड्यामागे शिक्षणशास्त्राचा आधार शोधणे व्यर्थ आहे. इतरत्रही आकड्यापासून सुरू झालेले धोरण शेवटी अंतरापाशीच येऊन थांबले. उत्तर प्रदेशाने जून 2025 मध्ये कमी पटाच्या शाळा जोडण्याचा आदेश काढला, प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, आणि पुढे एक किलोमीटरपेक्षा दूरच्या शाळांत विलीनीकरण होणार नाही असे सरकारलाच जाहीर करावे लागले. चीनने 2001 पासून खेड्यांतल्या शाळा मोठ्या प्रमाणावर एकत्र केल्या. मुले लांबच्या प्रवासाला किंवा वसतिगृहात गेली, बसचे अपघात वाढले. नोव्हेंबर 2011 मध्ये गान्सू प्रांतात नऊ आसनांच्या गाडीत साठांहून अधिक जण कोंबलेले असताना झालेल्या अपघातात 21 जीव गेले. ती बालवाडीची गाडी होती. दुसऱ्या वर्षी चीनच्या केंद्र सरकारने सरसकट विलीनीकरण थांबवायला सांगितले.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे वाहतूक भत्ता. समग्र शिक्षा अभियानात मुलामागे वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. पहिली ते पाचवीचे किमान दोनशे कामाचे दिवस धरले तर दिवसाला तीस रुपये पडतात. श्रीरामपुरात दहा मुलांची रिक्षा यात जमेल, घाटघरला जमणार नाही. शिवाय भत्ता पालकाच्या खात्यावर जमा होतो, कधी वर्ष संपता संपता, आणि मूल मात्र जूनपासून रोज पोचवायचे असते. गंमत अशी, की एसटीतून मुलींना मोफत प्रवास देणारी योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाची आहे, जिल्हाही आता त्यांच्याच नावाचा आहे, पण ती योजना पाचवीपासून सुरू होते. पहिली ते चौथीतल्या मुलीने प्रवास करायचा नाही, हे त्या योजनेच्या काळात गृहीतच धरलेले होते आणि ते गृहीतक शहाणपणाचे होते.

या शहाणपणातच एक वाट आहे. शाळा ठेवायची की बंद करायची, असा प्रश्न एकसंध शाळेबद्दल विचारण्याऐवजी वयानुसार विचारावा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे : अंगणवाडी, बालवाटिका, पहिली, दुसरी. एवढा टप्पा वस्तीवरच राहावा, शक्यतो अंगणवाडीच्या शेजारी किंवा तिच्याच आवारात. तिसरीपासून पुढची मुले, जिथे रस्ता आणि वाहन खात्रीचे आहे तिथे, केंद्रशाळेत जावीत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सोबती हवे असतात, वेगळे विषयशिक्षक उपयोगी पडतात, आणि ते दोन किलोमीटर गाडीने जाऊ शकते. सहा वर्षांच्या मुलाला घराजवळ एक ओळखीची बाई पुरेशी असते. वस्तीवरच्या वर्गात मग पाच इयत्तांऐवजी दोनच राहतात आणि बहुवर्ग अध्यापनाचा बोजा निम्म्याहून कमी होतो. याने पट आणखी घटेल, बाराच्या पाचच होतील, असा आक्षेप येईल. येऊ द्यावा. अंगणवाडीतली मुले धरली तर तिथे लहान मुलांचा एक जिवंत घोळका उरतो. फक्त महिला व बालविकास आणि शालेय शिक्षण हे दोन विभाग एका आवारात नांदले पाहिजेत, आणि या योजनेतली खरी अडचण तीच आहे. पैशाचे म्हणाल, तर एकाच शिक्षकाचे पद वस्तीवर राहते आणि दुसरा शिक्षक केंद्रशाळेत जातो. शिक्षकांवरचा खर्च वाढत नाही.

यासाठी नवी रचना उभारावी लागत नाही. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून राज्यात शाळांची केंद्रे आहेत, दहाएक शाळांमागे एक केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख. शाळा संकुलाची कल्पना तर त्याही आधीच्या, 1964–66 च्या कोठारी आयोगाची. पण केंद्रशाळेत मुले नेण्याआधी तिच्या खोल्या पाहाव्यात. 28 ऑगस्ट 2017 रोजी नगर तालुक्यातल्या निंबोडीच्या शाळेचे छत कोसळून तीन मुले दगावली, तेव्हापासून या जिल्ह्यात धोकादायक वर्गखोल्यांचा विषय ऐरणीवर आहे. वस्तीवरच्या बऱ्या खोलीतून मुलांना काढून केंद्राच्या गळक्या खोलीत बसवणे म्हणजे एकत्रीकरण नव्हे. क्रमही उलटा हवा : आधी खोल्या, स्वच्छतागृह आणि गाडी, आणि मग एक पूर्ण पावसाळा ती गाडी नियमित चालल्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने स्थलांतर. आजवर आदेश आधी निघाले आणि गाडी नंतर यायची होती.

विलीनीकरणाला विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र या सगळ्याला पुरून उरतो. शासनाला एकदा दार किलकिले करून दिले की ते सताड उघडेल, म्हणून राहात्याची शाळाही सोडू नका, असे ते म्हणतात. गेल्या काही वर्षांतले निर्णय पाहता हा अविश्वास अनाठायी नाही. पण त्याची किंमत राहात्यातली ती एकटी चौथीतली मुलगी मोजते. यावर तोडगा असा, की निर्णयाचा आधार कोणालाही तपासता येईल असा असावा. 30 सप्टेंबरचा पट हा मागच्या वर्षांचा हिशेब आहे. पुढचा हिशेब अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरमध्ये असतो. वस्तीवरचे सहा वर्षांपर्यंतचे प्रत्येक मूल तिथे नावानिशी, जन्मतारखेसह नोंदलेले असते. पुढच्या पाच वर्षांत पहिलीत कोण येणार, यांतली किती मुले ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली आहेत, किती जणांची मोठी भावंडे आधीच पिवळ्या बसने जातात, हे त्यावरून ग्रामसभेत वाचून दाखवता येते. त्या वाचनानंतरही पाच वर्षे पाचाहून अधिक मुले दिसत नसतील आणि पुढची शाळा सपाट रस्त्यावर असेल, तर शाळा हलवावी. इमारत अंगणवाडीला द्यावी, विकू नये, आणि शाळेचा यूडायस क्रमांक गोठवून ठेवावा. वस्तीवर पुन्हा घरे वाढली, एखादा कारखाना किंवा रस्ता आला, तर नव्याने मान्यतेच्या खेपा न घालता त्याच क्रमांकावर पहिलीचा वर्ग पुन्हा सुरू करता येईल.